उलटं धरण

आमच्या कोयनानगरात पावसाळ्यात कुणी कुणाला 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाही. 'किती झालं?' असं विचारतात. समोरचाही आपल्या तब्येतीबद्दल न बोलता 'ब्याऐंशी' असं सांगून छत्री सावरत निघून जातो. हे ब्याऐंशी म्हणजे टीएमसी. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचे पावसाचे आकडे कळल्याशिवाय आमच्याकडे सकाळच्या चहाला उकळी फुटत नाही. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, हे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतं. उद्या एखाद्या पोराला परीक्षेत शंभरपैकी एकशेपाच गुण मिळाले तरी बाप 'आणि पॉइंट पंचवीस कुठं गेले?' म्हणून त्याचा कान धरील.

तर अशा या गावात २००८ ते २०१८ अशी दहा वर्षं आमच्या क्वार्टरमध्ये एक खाजगी धरण होतं. सरकारी धरण भरलं की आनंद. आमचं रिकामं झालं की आनंद. सरकारी धरणाचा आकडा वर्तमानपत्रात यायचा. आमचा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिलेला असायचा. सुरुवातीला तिथे ८ असा आकडा होता. आठ टीएमसी नव्हेत, आठ लाख रुपये. शेजारीपाजारी बसलेले असताना कर्जाचा विषय कसा काढायचा, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी ही परिभाषा शोधून काढली होती. "अहो, आपलं किती झालं?" असं तिने विचारलं, की मी "सहा पॉइंट चार" म्हणत असे, आणि शेजारच्या वहिनींना वाटे, की हा माणूस घरी बसूनसुद्धा धरणाची काळजी करतो; याला बढती मिळाली पाहिजे.

हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण आमच्या पुण्याच्या साडूंशी आहे, आणि त्यांच्या निमित्ताने त्या सगळ्या शहाण्या मंडळींशी आहे, जी सांगत फिरतात की घराचं कर्ज लवकर फेडणारा माणूस अडाणी असतो. हजार-हजार रुपयांनी फेडणारा तर त्यांच्या मते अडाण्यांतही खालच्या इयत्तेतला. मी त्या इयत्तेतून पहिल्या वर्गात पास झालो. आता माझी बाजू मांडतो.

घर घेण्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते हौसेने नव्हे, भीतीने. मी पाटबंधारे खात्यात कारकून. पुढे खात्याचं नाव जलसंपदा झालं, पण त्यामुळे आमच्या संपदेत काही भर पडली नाही. राहायला सरकारी क्वार्टर. सरकारी क्वार्टर म्हणजे लग्नाच्या कार्यालयासारखी. आत आहात तोवर तुम्ही वरपक्ष, मुदत संपली की कार्यालयवाला झाडू घेऊन उभा. अठ्ठावन्नावं वर्ष संपलं की चाव्या द्यायच्या आणि निघायचं. जायचं कुठे? तेव्हा कराडात एक दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला. धरणाचं जे पाणी पश्चिमेला पोफळीकडे वळत नाही, ते कोयनेतून खाली कराडच्या प्रीतिसंगमावर जातं. आम्हीही त्याच वाटेने जायचं ठरवलं.

बँकेतले साहेब फार प्रेमळ होते. कर्ज घेण्यापूर्वी बँकेचे साहेब जितके प्रेमळ असतात, तितके फक्त मुलगी पाहायला आलेले लोक असतात. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, ज्योतिषासारखे डोळे मिटले आणि म्हणाले, "पंधरा वर्षं. बरोबर तुमच्या निवृत्तीला संपेल." आठ लाख, व्याज दहा टक्के, हप्ता ८,५९७ रुपये. माझं आयुष्य आणि त्यांचं कर्ज यांची इतकी अचूक पत्रिका जुळलेली पाहून मला गहिवरून आलं. सौ. मात्र गहिवरली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "पहिल्या हप्त्यातले घराचे किती?"

साहेबांनी यंत्रातून एक लांबलचक तक्ता काढून दिला. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी कर्ज काढलं आहे त्यांनी हा तक्ता कपाटात ठेवला असेल. वाचला मात्र नसेल. मी वाचला, आणि त्या रात्री जेवलो नाही. पहिल्या हप्त्यातले ६,६६७ रुपये व्याजाचे. मुद्दल फिटणार १,९३० रुपये. म्हणजे पगाराचा लचका तोडून मी आठ हजार सहाशे रुपये द्यायचे आणि त्या महिन्यात माझ्या मालकीची होणार फार तर न्हाणीघराच्या दाराची कडी! तक्ता पुढे वाचत गेलो. पाच वर्षं, सात वर्षं, दहा वर्षं. दहा वर्षं इमानेइतबारे एकशेवीस हप्ते भरल्यावर शिल्लक किती? चार लाख चार हजारांच्या वर. मुदत दोन तृतीयांश संपली, आणि निम्म्याहून जास्त कर्ज जागच्या जागी! पंधरा वर्षांत एकूण भरायचे पंधरा लाख सत्तेचाळीस हजार. आठ लाखांचं घर मी घेतो आहे, की बँकेला जवळपास तेवढ्याच किमतीचं दुसरं घर बांधून देतो आहे, ते कळेना.

यात बँकेची लबाडी काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हे साधं गणित आहे. जितकं मुद्दल शिल्लक, तितक्यावर व्याज. सुरुवातीला मुद्दल डोंगराएवढं, म्हणून व्याजही डोंगराएवढं. हप्ता त्यातच खर्ची पडतो. पण नेमक्या याच गणितात कर्जदाराची किल्लीही दडलेली आहे. हप्त्याखेरीज जो जादा रुपया तुम्ही भरता, त्यातला एक पैसाही त्या महिन्याच्या व्याजात जात नाही. तो सरळ मुद्दलावर जाऊन आदळतो.

हे मला तक्त्यापेक्षा धरणामुळे नीट कळलं. १३ मार्च १९९९ ला कोयनेत 'लेक टॅपिंग' झालं. तलाव भरलेला असताना, पाणी उपसून न टाकता, खालून बोगदा आणून तळाशी खडकाचा राहिलेला शेवटचा थर सुरुंगाने उडवला आणि तलावाला तळातून तोंड पाडलं. पुढे २५ एप्रिल २०१२ ला तसंच दुसऱ्यांदा केलं. तेव्हा सगळीकडे या तंत्राचं केवढं कौतुक झालं! माझं म्हणणं एवढंच की नेहमीचा हप्ता म्हणजे उन्हाने पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन, आणि जादा भरलेले हजार रुपये म्हणजे लेक टॅपिंग. ते तळाला भोक पाडतात. सरकारने केलं की अभियांत्रिकी, आणि मी केलं की अडाणीपणा?

आता सौ.च्या प्रश्नामागे काय होतं, ते सांगतो. तिने तो प्रश्न पुस्तकातून उचलला नव्हता, माझ्या वडिलांकडून उचलला होता.

आबा धरणाच्या कामावर मजूर होते. १९६५ साली त्यांनी पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत दोन खोल्या बांधल्या. जागा गहाण टाकून एका सावकाराकडून पैसे उचलले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली. कोयनानगर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. आमच्या भिंतींना कुणी अभियंता लाभला नव्हता, त्या बसल्या. आबा रात्रपाळीला होते. आई मला पोटाशी धरून बाहेर आली. मी दोन वर्षांचा. मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं. दर महिन्याच्या पगाराला आबा एक घडी केलेली नोट वेगळी काढून ठेवायचे, आणि मी विचारलं, 'ही कशाची?' तर म्हणायचे, "घराची." आम्ही तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मला कळायचंच नाही, की घर कुठे आहे.

तो व्यवहार १९७८ साली संपला. भिंती नसलेल्या घराचे पैसे अकरा वर्षं. मी घर घेतोय हे सांगायला गेलो तेव्हा आबा थकले होते. पेढा हातात धरून म्हणाले, "घे बाबा, घर घे. पर येक ध्यानात ठिव. घर पडतं, हप्ता पडत न्हाई. त्याला आधी खाली घाल."

साडूंच्या अर्थशास्त्राची सगळी पुस्तकं एका पारड्यात घातली तरी माझं पारडं या एका वाक्याने खाली जातं.

मग आम्ही ठरवलं, की दर महिन्याला हप्त्याबरोबर हजार रुपये जादा. हजार रुपये ही रक्कम अशी, की तिच्यावाचून माणूस मरत नाही, पण कुरकुरतो नक्की. ती उभी करण्याचं खातं सौ.कडे होतं. पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी यायचा. ती त्याला रोज वीस रुपये द्यायची. महिन्याचे सहाशे तिथेच झाले. उरलेल्या चारशेंसाठी माझ्यावर धाड पडली. रविवारी कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात मासे आणायला जायची माझी जुनी खोड होती. पेट्रोल, मासे आणि घाटातली भजी असा तिचा ताळेबंद मांडून ती फेरी महिन्यातून एकदा करण्यात आली. "मासे घाट चढून आपल्याकडेही येतात," असं सांगण्यात आलं. येतात खरे, पण चढेपर्यंत दमतात. ताटात पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तो उत्साह राहत नाही. असो. दिवाळीत, महागाई भत्त्याच्या फरकाचे आणि जुनं सामान विकून आलेले असे वर्षाकाठी आणखी दहा-बारा हजार जायचे. सरासरी काढली तर महिन्याला दोन हजार जादा.

पैसे जमवणं सोपं होतं. ते भरणं अवघड. पहिल्यांदा मी हजाराची नोट घेऊन काउंटरवर उभा राहिलो, तेव्हा आतल्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी देवळात जाऊन अभिषेकासाठी चमचाभर दूध पुढे केलं आहे.

"हे काय?"

"कर्जात जादा भरायचे आहेत."

"हजार रुपये? अहो, लाखभर जमले की या की! आमचाही त्रास वाचेल, तुमचाही."

वाचकहो, या 'लाखभर जमले की या'ने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची जितकी घरं गहाण ठेवली आहेत, तितकी सावकारांनीही ठेवली नसतील. लाखभर कधी जमत नाहीत. जमायला लागले, की त्यांना वास लागतो. पाहुण्यांना, फ्रिजच्या दुकानदाराला आणि मेहुण्याच्या नव्या धंद्याला तो वास पहिल्यांदा येतो. हजार रुपयांना वास नसतो. ते गुपचूप जातात आणि काम करतात. आणि काम किती करतात, तेही पाहा. दहा टक्क्यांच्या पंधरा वर्षांच्या कर्जात अगदी आरंभी भरलेले एक हजार रुपये शेवटच्या हप्त्यातले सुमारे चार हजार साडेचारशे रुपये गिळतात. तेच हजार चौदाव्या वर्षाअखेर भरले, तर जेमतेम अकराशे गिळतात. लाखभर जमेपर्यंत थांबणारा माणूस पेरणीच्या वेळी बियाणं कणगीत ठेवून दिवाळीत पेरायला निघतो.

दुसरा घोळ पुढच्या महिन्यात कळला. माझे हजार रुपये त्यांनी 'आगाऊ हप्ता' म्हणून जमा करून ठेवले होते. म्हणजे तळाला भोक पाडायला आणलेला सुरुंग काठावर शोभेला ठेवला! मी पुन्हा काउंटरवर गेलो. या वेळी अर्ज लिहून नेला. सरकारी कारकुनाच्या हातात कागद आला, की त्याच्या अंगात वाघ येतो. 'सदर रक्कम मुद्दलात जमा करून, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं लिहिलं आणि पोच घेतली. हे वाक्य पाठ करून ठेवा. बँक पुष्कळदा विचारते, की हप्ता कमी करू की मुदत? हप्ता कमी केला, तर सुटलेले पैसे माशांवर जातात. मुदत कमी करा. पुढे दर महिन्याला मी दिसलो, की काउंटरवरचे गृहस्थ म्हणायचे, "आले धरणवाले."

आता साडूंचे मुद्दे घेतो. साडू पुण्यात राहतात, स्वतःच्या गाडीने येतात आणि गाडीचंही कर्ज असतं, हे अभिमानाने सांगतात. दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडे चार दिवस मुक्काम, नेहरू उद्यानात फेरफटका आणि रात्री अंगणात माझी उलटतपासणी.

मुद्दा पहिला. "अहो, घरकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते. कर्ज फेडून ती घालवता?" हे म्हणजे रेशनवर साखर स्वस्त मिळते म्हणून मधुमेह जोपासण्यासारखं आहे. शंभर रुपये व्याज दिलं, की कर वाचतो वीस, फार तर तीस रुपये. उरलेले सत्तर-ऐंशी कुठे गेले, हे साडू सांगत नाहीत. शिवाय आता तर ती साखरही बंद झाली. २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली आपण काही न सांगितल्यास आपोआप लागू होते, तिच्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. साडू आता या मुद्द्यावर फारसे बोलत नाहीत.

मुद्दा दुसरा. "तेच हजार दरमहा शेअर बाजारात, फंडात घातले असतेत तर?" या मुद्द्यात दम आहे. लांब पल्ल्यात बाजाराने पुष्कळांना कर्जाच्या व्याजाहून जास्त दिलंही आहे. पण बाजार देईन म्हणतो. कर्ज घेणारच म्हणतं. दहा टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे दहा टक्के बिनजोखीम, बिनकराचे पदरात पाडणं. बँकेतली मुदत ठेव तेवढं देत नाही, आणि जे देते त्यावर कर लागतो. ज्याची छाती मोठी असेल, त्याने बाजारात जरूर जावं. माझी छाती लहान आहे. मी भूकंपाच्या गावचा. मला हलणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. शिवाय साडूंना एक खाजगी प्रश्न विचारायचा राहिला आहे. माझे हजार रुपये बाजारात घालायला सांगणाऱ्या साडूंनी स्वतःचे किती घातले? कारण मी विचारतो तेव्हा ते नेहमी 'यंदा गाडीचा खर्च निघाला' असं म्हणतात.

मुद्दा तिसरा. "महागाईने पगार वाढतो, हप्ता तोच राहतो. दहा वर्षांनी हप्ता चणे-फुटाण्यांसारखा वाटेल." वाटतो, कबूल. पण मग तेव्हा चणे-फुटाणे आणखी मूठभर द्या ना! पगार वाढला, की आपल्याकडे सोफा वाढतो, टीव्हीची रुंदी वाढते, मुलाच्या बुटाची किंमत वाढते. हप्त्यालाच काय म्हणून उपाशी ठेवायचं?

आणि 'हप्ता तोच राहतो' हेही पूर्ण खरं नाही. हप्ता तोच राहतो तेव्हा मुदत वाढते, आणि ती रात्री मांजराच्या पावलांनी वाढते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बदलत्या व्याजाची कर्जं असलेल्या कितीतरी लोकांचा हप्ता तसाच राहिला, आणि मुदत वर्षानुवर्षांनी लांबली. साठाव्या वर्षी सुटणारा माणूस सत्तरीत सुटणार, हे त्याला वार्षिक उतारा वाचल्यावर कळलं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि मधेच थोडे किंवा सगळे पैसे भरायची मुभाही द्या. म्हणजे माझ्या 'आले धरणवाले' उद्योगाला खुद्द रिझर्व्ह बँकेचा आशीर्वाद आहे. त्याआधी जून २०१२ मध्येच तिने बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर मुदतीपूर्वी फेडीचा दंड घ्यायला बँकांना बंदी केली होती. पूर्वी तोही असायचा. लवकर आलात म्हणून दंड! शाळेत मी आयुष्यभर उलटाच भोगला होता.

साडू शेवटी हतबल होऊन म्हणतात, "पण तुम्हाला घाई कसली?" हा प्रश्न कर्ज या गोष्टीची लाज गेल्याचं लक्षण आहे. लाज जावी, याला माझी हरकत नाही. घरासाठी कर्ज काढणं हा गुन्हा नव्हे, नाहीतर मीच गुन्हेगार. पण भीतीही गेली, याला हरकत आहे. आपल्या वाडवडिलांना व्याजाचं भय किती होतं पाहा. जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. सावकारालाही कुठेतरी थांब म्हणणारा नियम होता. आणि आज? नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढा. लाखाला महिना नऊशे रुपये हप्ता. वीस वर्षांत भरता दोन लाख सोळा हजार. व्याजाने मुद्दलाला केव्हाच मागे टाकलं. कायद्याच्या दृष्टीने यात दामदुप्पट नाही, कारण तुम्ही ते आनंदाने, दर महिन्याला, एसएमएस आल्यावर 'धन्यवाद' म्हणत भरता!

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जखतं जाळली. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. पण तुकोबा देणेकऱ्यांच्या बाजूला नव्हते, येणेकऱ्यांच्या बाजूला होते. आपण आपलं कर्जखत कोयनेत सोडलं, तर बँक दुसरी प्रत काढते आणि तिचे पैसेही आपल्याच खात्यातून वळते करते. जाळायचीही सोय नाही, बुडवायचीही नाही. आपल्यासारख्याला उरतो तो एकच उठाव. दरमहा हजार रुपये, पोच घेऊन.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो, नाहीतर माझ्या नादी लागून कुणाचं तरी वाटोळं व्हायचं. धरणात मृतसाठा नावाचा प्रकार असतो. कोयनेत तो पाच टीएमसीच्या आसपास आहे. तळाच्या त्या पाण्याला सहसा हात लावत नाहीत. घरातही तसा मृतसाठा हवा. पाच-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय कर्जात एक रुपयाही जादा भरू नका. बँक घेतलेले पैसे हसत घेते, पण दवाखान्याच्या दारातून फोन केलात, तर परत देत नाही. आणि घरकर्जाहून महाग कर्ज, म्हणजे पतपेढीचं, क्रेडिट कार्डाचं, सोन्यावरचं, असेल तर ते आधी. मोठी गळती सोडून ठिबकणाऱ्या नळाला चिंधी बांधणारा माणूस अडाणी, हे मी साडूंच्याही आधी म्हणेन.

२०१८ च्या मार्चमध्ये आमचं धरण कोरडं पडलं. दहा वर्षं. साठ हप्ते वाचले. व्याजदर सगळा वेळ दहा टक्केच धरला, तरी वाचलेलं व्याज दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात जातं. आणि ते वाचवायला आम्ही जादा भरले सुमारे दोन लाख चाळीस हजार, तेही मुद्दलच, जे कधीतरी द्यायचंच होतं. ज्याने नुसता हप्ता भरला असता, त्याच्या कालनिर्णयवर त्या दिवशी चारचा आकडा असता. सौ.ने पेन्सिलीने भलंमोठं शून्य काढलं. शेजारच्या वहिनी नेमक्या वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. शून्य पाहून दचकल्या. "अगंबाई! धरण फुटलं की काय?"

घराचे मूळ कागद बँकेतून हातात यायला मात्र साडेतीन महिने लागले. पैसे घेताना जो वेग असतो, तो कागद देताना नसतो. आता त्यावरही इलाज झाला आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे वाचून मला आनंद झाला आणि थोडं दुःखही. माझ्या वेळी हा नियम असता, तर मी कागद सावकाश द्या म्हणून बँकेला विनंतीअर्ज केला असता.

कागद आले, त्या दिवशी ते आबांच्या फोटोपुढे ठेवले. आबा तेव्हा राहिले नव्हते. सौ. म्हणाली, "हप्ता पडला, आबा." तेवढंच.

२०२३ ला निवृत्त झालो, क्वार्टरच्या चाव्या दिल्या आणि कराडला आलो. साडू वास्तुशांतीला आले. घर सगळं फिरून पाहिलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. आता यावर कर्ज काढून दुसरा घ्या. भाड्याने लावता येईल." मी त्यांना आणखी एक लाडू वाढला. तोंड भरलेलं असलं, की साडू बरे असतात.

परवा रात्री ताटं वाजली. इकडे कोयनेच्या बाजूचा लहानसा धक्का अधूनमधून बसतच असतो. दिवा झुलला, मांडणीतले डबे किणकिणले. सौ. झोपेतून उठून म्हणाली, "अहो, चला बाहेर."

आम्ही दोघं चादरी गुंडाळून खाली अंगणात उभे राहिलो. पाच मिनिटं इमारतीकडे बघत होतो. काही झालं नाही.

"पडलं असतं तर?" ती म्हणाली.

"तर आपलं पडलं असतं," मी म्हणालो.

आम्ही वर गेलो आणि झोपलो.